‘इतर’मधलं कार्ड

टाचणीचा गंज कार्डाच्या डाव्या कोपऱ्यातून आरपार गेला होता. मागून-पुढून सारखाच तांबूस ठिपका – आणि त्याच्याकडे पाहता पाहता नारायणरावांना वाटलं, चाळीस वर्षांत या कार्डानं एवढं एकच काम केलं, गंज धरला. बाकीच्या कार्डांना कामं मिळाली होती. ‘सावकारी’, ‘सारा’, ‘जंगल’, ‘दप्तरदहन’, ‘स्त्रियांचा सहभाग’… बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याचे खण करून ती लावलेली, प्रत्येक खणाला शाईनं लिहिलेला मथळा, आणि अगदी शेवटी, झाकणाच्या बिजागरीपाशी, जरा चेपलेला एक खण – ‘इतर’. जे कुठेच बसत नाही ते इतरमध्ये. प्रबंध लिहिणारा प्रत्येक जण असा एक खण ठेवतो आणि प्रबंध झाला की त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. नारायणराव आज सकाळी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पाहत होते.

पुंजाजी, वय ६५, उमरखेडी, १२ मे ८४. खाली त्यांच्याच तरुणपणच्या टोकदार अक्षरात चार वाक्यं. आग लागल्यावर कोतवाल कचरू चावडीत शिरला. त्याआधी तो कधी आत गेला नव्हता. वही खिडकीतून बाहेर आली. तो आला नाही.

टेबलावर चष्म्याच्या घराखाली दुसरा कागद होता. स्मारक समितीच्या कुलदीपनं काल आणून दिलेला, छापील, फक्त सही राहिलेली. ‘मी, खाली सही करणार, संशोधनान्ती असे नमूद करतो की, उमरखेडी येथील सन १९४२ च्या उठावात कोतवाल कचरू यांचा सहभाग नव्हता. घटनेच्या वेळी ते सरकारी कामावर होते व दप्तर वाचविताना भाजून मरण पावले.’ नऊ ऑगस्टला उमरखेडीत हुतात्म्यांच्या नावांचा नवा दगड बसायचा होता. मेहकरचा पाथरवट आज संध्याकाळी अक्षरं कोरायला घेणार, म्हणून कुलदीप पाच वाजता सहीसाठी येणार, आणि सही झाली की जुन्या दगडावर पहिलं असलेलं कचरूचं नाव नव्या दगडावर नसणार. साधा हिशेब होता. पंचाईत एवढीच, की त्या कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता.

आणि नारायणरावांच्या पुस्तकातला खोटा.

ते वाक्य त्यांना पाठ होतं. त्यांनाच काय, उमरखेडीच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. ‘पिढ्यान्‌पिढ्या चावडीच्या पायरीखाली बसविल्या गेलेल्या कचरूने टेंभा उचलला आणि ज्या दप्तरात त्याची गुलामी लिहिली होती, त्याला स्वतःच्या हाताने आग लावली.’ वाक्य उत्तम होतं, यात शंका नाही. आजही वाचलं की अंगावर काटा येतो – आणि लाजही वाटते, पण काटा आधी येतो.

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. भाजीवाल्या माळ्याचा पोरगा, मेहकरच्या कॉलेजात नवा लागलेला, मोटारसायकलच्या कॅरिअरला टेपरेकॉर्डर बांधून बेचाळीसचा उठाव शोधत गावोगाव फिरणारा. माझे मार्गदर्शक नागपूरचे. मनाचे अतिशय चांगले, विडी कामगारांच्या सभांना सायकलवर जाणारे. त्यांनी माझं पाचवं प्रकरण वाचलं, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, “सगळं छान आहे हो. पण हा कचरू नुसताच मरतोय. त्याच्या हातात काहीतरी पाहिजे.”

हातात वही होती, असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं… पण मग सरांनी विचारलं असतं, सरकारची वही वाचवायला एक दलित माणूस आगीत का शिरेल? आणि त्याचं उत्तर सरांच्याकडे तयार होतं, माझ्याकडेही होतं, आम्ही दोघांनी त्याच पुस्तकांतून ते शिकलेलं – गुलामाला गुलामी कळत नाही. म्हणजे कचरू बिचारा ठरला असता. मला तो बिचारा नको होता. मला तो आवडला होता. आवडला म्हणून मी त्याच्या हातात टेंभा दिला. कुणी बळजबरी केली नाही, कुणी बंदूक रोखली नाही. प्रेमापोटी केलं, एका रात्रीत नव्हे, भर दुपारी, सरांच्या ओसरीत चहा पिता पिता.

“अहो, जेवून जाणार की आल्यावर?” आतून अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. नारायणरावांनी ते जाणार आहेत हे त्यांना सांगितलंच नव्हतं. पण चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या होत्या, त्यावरून त्यांनी ओळखलं. डोणगावकडे जाऊन येतो, एवढंच ते म्हणाले, आणि कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं. कागदही घातला. दोन्ही एकाच खिशात, एकमेकांना चिकटून.

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. बाहेर सोयाबीन कमरेपर्यंत आलेलं, मधूनच तुरीची ओळ, आकाश भरलेलं आणि न पडणारं. त्यांना आठवत राहिली ती मुखपृष्ठं. पहिल्या आवृत्तीचं लाल होतं, मुठी वळलेल्या. मग ब्याण्णव साली उठावाला पन्नास वर्षं झाली, तालुक्याच्या खादीवाल्या मंडळींनी सुवर्णमहोत्सवी आवृत्ती काढायची म्हटली, आणि संपादकांनी फक्त ‘थोडा हात फिरवा’ म्हणून विनंती केली. हात फिरवला. सावकार गेला, प्रभातफेरी आली, मुखपृष्ठ तिरंगी झालं. उमरखेडीत कचरूचा पुतळा बसला तोही त्याच वर्षी, उजव्या हातात सिमेंटचा टेंभा. पुढे दहा-बारा वर्षांनी दुसरी मंडळी आली, निळं मुखपृष्ठ घेऊन, आणि त्यांना कचरू एकटाच हवा होता, बाकीच्या गावानं त्याला एकटं सोडलं असं हवं होतं… तेही दिलं. ते तर निम्मं खरंही होतं. आता कुलदीपच्या समितीचं भगवं मुखपृष्ठ तयार होतं, त्यात मारुतीच्या देवळातली आरती आटोपून आखाड्यातली पोरं चावडीवर चालून जातात. बेचाळीस साली चावडी पेटवणारी तीच तीनशे माणसं. त्या बिचाऱ्यांना मी चार वेळा कपडे बदलायला लावले, आणि दर वेळी त्यांनी निमूट बदलले, कारण मेलेली माणसं भांडायला येत नाहीत.

पुंजाजीला त्यांनी विचारलं होतं – तुम्ही का गेलात? टेपवर ते स्पष्ट होतं. “काऊन म्हंजे? बलावलं म्हनून गेलो. निंदन सरलं व्हतं, पोळा याचा व्हता. समदे चालले, मीबी चाललो.” याचं कार्डसुद्धा केलं नव्हतं त्यांनी. हे तर ‘इतर’मध्येही बसलं नसतं.

कुलदीपचा राग येत नव्हता, हेच अवघड होतं. त्यांचाच विद्यार्थी, वाकून नमस्कार करणारा, त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी गाडी घेऊन आलेला. गेल्या वर्षीपासून तहसिलीत जुन्या नोंदी शोधायची झुंबड उडाली होती. ज्याच्या पणजोबाच्या जन्माच्या नोंदीत कुणबी सापडेल त्याला आरक्षणाचा दाखला मिळणार, म्हणून माणसं दिवस दिवस रांगेत. कुलदीपला त्याच्या घराची नोंद सापडली ती उमरखेडीच्या कोतवाल बुकात. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची वही. कुणाकडे पाळणा हलला, कुणाकडे माती झाली, हे कोतवालानं घरोघर फिरून पाटलाला सांगायचं, पाटलानं चावडीच्या ओट्यावर बसून लिहायचं, आणि पंधरवड्याला कोतवालानंच ती वही तालुक्याला न्यायची. कोतवाल महार. त्यामुळे पाटील वही त्याच्या हातात देत नसे, ओट्यावरून खाली टाकत असे आणि कोतवाल झेलत असे. नारायणरावांनी याचं कार्ड केलं होतं, ‘अस्पृश्यता’ या खणात.

तर कुलदीप आपली नोंद सापडल्यावर पानं उलटत गेला, आणि पुढच्या एका पानावर त्याला दिसलं – कचरू, कोतवाल, मरणाचे कारण भाजून, शेरा सरकारी कामावर असता. त्यानं मोबाइलवर फोटो काढला. काल तो फोटो त्यानं बोटांनी मोठा करून दाखवला, तर पानाची उजवी कड काळी होती, करपलेली, भाकरीची असते तशी. नारायणराव त्या कडेकडेच पाहत राहिले.

“कुलदीप,” ते म्हणाले होते, “ही वही आगीतून वाचली. त्यानं वाचवली. म्हणून तुझी नोंद –”

“तेच तर म्हणतो ना सर मी,” कुलदीप अगदी आदरानं म्हणाला होता, “वाचवली त्यानं. म्हणजे लोकांच्या विरोधात होता. मग हुतात्म्यांत नाव कसं टाकायचं? तुम्हीच तर शिकवलं आम्हाला, पुरावा असेल तसं लिहायचं.”

पुरावा होता. दोन होते, एक त्या मोबाइलमध्ये आणि एक बिस्किटांच्या डब्यात, आणि दोन्ही कुलदीपच्या बाजूचे. चाळीस वर्षं जे खरं आपण दाबलं ते आज वर आलं, तेही कशाला, तर त्या माणसाला पुन्हा एकदा पायरीखाली बसवायला… आणि मी गप्प बसलो तर खोटं माझं, बोललो तर खऱ्याचा उपयोग त्यांचा. यातून निघायची वाट असेलच, विचार केला तर सापडेल, असं रात्रभर वाटत होतं. सापडली नाही.

डोणगावला उतरून उमरखेडीची काळीपिवळी जीप मिळेपर्यंत साडेअकरा झाले. केसरबाईंना सगळं सांगायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. कचरूची मुलगी ती. बेचाळीसच्या त्या दिवशी नऊ दिवसांची, म्हणजे आता ब्याऐंशीची. नवरा वारल्यावर मुलाला घेऊन माहेरी परतलेली आणि तिथेच राहिलेली. तिला सांगायचं, की बाई, तुमच्या वडिलांबद्दल मी खोटं लिहिलं. मग ती म्हणेल तसं करायचं. हे ठरल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. आता गाडीत गुडघे मुडपून बसल्यावर कळत होतं, की बरं वाटलं ते निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालायला मिळणार म्हणून.

घर पुतळ्याच्या मागेच. पुतळ्याकडे न पाहता ते वळले. पत्र्याच्या सावलीत बाजेवर केसरबाई तूर निवडत बसल्या होत्या, सूप मांडीवर, डोळे जवळजवळ मिटलेले, खडा बोटांनाच कळत असावा. त्यांची नात धम्मशीला दारात आली. इथल्याच शाळेत शिक्षिका होती, आज कार्यक्रमाच्या तयारीसाठी अर्ध्या सुट्टीवर. तिनं खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. पाण्याचा पेला हातात घेताना त्यांना आठवलं, चौऱ्याऐंशी साली या घरचं पाणी पिऊन त्यांनी त्या रात्री डायरीत लिहिलं होतं, ‘आज त्यांच्या घरचे पाणी प्यालो.’ तहान लागली होती असं लिहिलं नव्हतं.

“मास्तर का?” केसरबाईंनी आवाजावरून ओळखलं. “लई दिसांनी आले.”

त्यांनी कागदाची हकीकत सांगितली. दगड, यादी, कुलदीप, संध्याकाळी पाच. धम्मशीलाला त्याची आधीच कुणकुण लागली होती, तिचा चेहरा हलला नाही. मग घसा साफ करून ते जे बोलायला आले होते ते बोलले. वर्गात अवघड गोष्ट सांगताना जसा आवाज मऊ व्हायचा तसा तो झाला, आणि तो तसा झाल्याचं त्यांना ऐकू आलं.

“केसरबाई, तुमच्या वडिलांनी आग लावली नव्हती.”

सुपातले हात थांबले नाहीत. “मले माहीत हाय,” त्या म्हणाल्या.

पत्र्यावर कावळा चालत होता. त्याची नखं वाजत होती.

“तुमी पयल्यांदा आले तवाच सांगतलं व्हतं ना मी तुमाले,” केसरबाई म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही, गेल्या आठवड्यातलं सांगावं तसं. “इथंच. तुमी बाजीवर बसले व्हते. म्या म्हनलं, बाप्पा, तो वहीसाठी गेला. माय सांगे. माझ्या आधी दोन लेकरं झाले तिले, दोनी गेले. गावाचं समदं त्यानं लिहू घातलं, स्वतःचे लेकरं नाही लिहले. पाटील म्हने, जगू तर दे, मंग लिहू. मी झाली तवा माय हटून बसली, म्हने, जगो का मरो, लिहा. तवा लिहलं. मंग आग लागली त –”

आणि नारायणरावांना दिसलं, की आपला उजवा हात वर गेला आहे. पंजा उघडा, बोटं जुळलेली – थांबा, एक मिनिट, हे नंतर. वर्गात तीस वर्षं ज्यानं पोरांना गप्प केलं तोच हात. आत्ता, या क्षणी, कुणी सांगितलं नसताना वर गेलेला. केसरबाईंना दिसला नाही. धम्मशीलाला दिसला. त्यांनी तो खाली घेतला, मांडीवर ठेवला, दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

“– त तो वहीत म्या व्हती म्हनून गेला,” केसरबाईंनी पुरं केलं. “तवाबी तुमी असाच हात केला. मंग मी चहा टाकाले उठली.”

त्यांना आठवेना. मनातल्या मनात डबा उघडून त्यांनी खण न् खण पाहिला. केसरबाई या नावाचं कार्डच नव्हतं. ‘इतर’मध्येसुद्धा. पुंजाजी होता, कारण पुंजाजी चळवळीतला होता. ही कोण होती? बेचाळीस वर्षांची एक बाई, नऊ दिवसांची असतानाचं सांगणारी. तिनं पाहिलं नव्हतं, म्हणजे ती साक्षीदार नव्हती, म्हणजे… पद्धत बरोबर होती. पद्धतीत कुठेही चूक नव्हती.

“मग तुम्ही नंतर का बोलला नाहीत?” हे विचारणं किती निर्लज्ज आहे ते विचारून झाल्यावर कळलं.

“तुमी लिहून राह्यले व्हते,” केसरबाई म्हणाल्या. “आमच्यावर कोन्ही लिहत नव्हतं. म्हनलं, मास्तर लिहते त चांगलंच लिहत असन.”

त्यात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं, नारायणरावांना वाटलं, टोचणी असती तर दुखण्याला जागा तरी मिळाली असती.

धम्मशीला इतका वेळ उंबऱ्यातच उभी होती. ती आता पुढे आली आणि आजीच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं, जणू पुढचं बोलणं सुपात सांडलं असतं.

“सर, तुम्ही त्या कागदावर सही करू नका,” ती म्हणाली. “खरं-खोटं मला सांगू नका. तीस-बत्तीस वर्षं आम्ही त्या टेंभ्याला हार घातले. माझा पोरगा दर नऊ ऑगस्टला तुमचं वाक्य म्हणतो, हात वर करून. तो टेंभा होता म्हणून आमचा जयंतीचा रस्ता चावडीवरून गेला, त्याच्या आधी मागून जायचा. आता आज, दगड बसायच्या तीन दिवस आधी, तुम्हाला खरं आठवलं? कुणाच्या कामाला आलं ते?”

ती ओरडली नाही. शाळेत सूचना वाचून दाखवावी तसं बोलली. तिचं बरोबर होतं.

केसरबाई मात्र दुसऱ्याच विचारात होत्या. सूप नाही म्हटल्यावर त्यांची बोटं लुगड्याच्या काठावर फिरत होती, खडे शोधत.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “नाव राहो का जावो. त्याच्या हातातला टेंभा काढता येते का?”

“आजी.”

“नाही, मी पुसून राह्यली फक्त. लोकं आग लावून गेले अन् टेंभा याच्या हाती. मले तिथून जाताना कसंतरीच वाटते. टेंभा काढून वही द्या म्हना त्याच्या हाती. एवढीशीच व्हती, माय दाखवे, हाताएवढी.”

धम्मशीला आत निघून गेली. भांड्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. एकीला सत्य नको होतं, एकीला फक्त सत्यच हवं होतं, आणि दोघींपैकी एकीचंही खोटं ठरवावं असं काही नारायणरावांजवळ नव्हतं. जिच्या गळ्यात निर्णय घालायला आलो तिनं तो घेतला नाही, उलट आणखी एक काम सांगितलं. होणारं नाही असं.

“पाहू,” ते म्हणाले.

हा शब्द त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा वापरला होता, की तो नकार आहे हे समोरच्याला आपोआप कळे. केसरबाईंना कळला नाही. त्यांनी मान हलवली, समाधानानं, काम सोपवून झाल्यासारखी.

पुतळ्याशी काळीपिवळीची वाट पाहत त्यांना उभं राहावं लागलं, दुसरीकडे सावली नव्हती. आता न पाहून चालणार नव्हतं. रंग नवा दिला होता. कचरूच्या तोंडावर एक करारी भाव होता, तो मूर्तिकारानं कुठून आणला नारायणरावांना ठाऊक होतं – पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावरून. टेंभ्याच्या ज्वाळेला केशरी रंग, आणि मुठीत नीट पाहिलं तर दिसत होतं, हात आणि टेंभा वेगळे ओतलेलेच नाहीत. एकसंध. टेंभा काढायचा तर मनगटासकट काढावा लागेल.

दुपारच्या दोन गाड्या भरलेल्याच निघून गेल्या, जागा मिळाली ती साडेचारनंतरच्या गाडीत. खिशातला फोन थरथरला, पाचला दहा कमी होते आणि ते अजून डोणगावलाही पोचले नव्हते. कुलदीप घरी पोचला असेल. अन्नपूर्णाबाईंनी त्याला चहा दिला असेल, पोहे करू का विचारलं असेल. तो थांबेल, तो नेहमी थांबतो. आणि थांबून कंटाळला तर सहीशिवायही दगड कोरला जाईल, नाव असलेला किंवा नसलेला, सही फक्त शोभेची… हे त्यांना आत्ता, एकाएकी, स्पष्ट दिसलं, आणि सकाळपासून ज्या ओझ्याखाली ते वाकले होते ते ओझंही आपलं नव्हतंच असं वाटून त्यांना रडू येईल की काय असं झालं. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला.

त्यांनी खिशातून कागद आणि कार्ड एकत्रच काढलं. घामानं दोन्ही दमट झालेली, कार्डाच्या गंजाचा ठिपका कागदावर उमटलेला, सहीच्या जागेच्या जरा वर. शेजारच्या बाईचं कोंबडं पिशवीतून मान काढून पाहत होतं. नारायणरावांनी डोळे मिटले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कचरू टेंभ्याशिवाय दिसला. चावडीच्या आत. जिथे तो कधी गेला नव्हता तिथे, धुरात चाचपडत, न वाचता येणाऱ्या दप्तराच्या बस्त्यांतून एक नेमका हुडकणारा. अक्षर येत नाही, पण वही कळते, कारण ओट्यावरून पडताना इतक्या वर्षांत तिचं वजन हाताला कळलेलं. ती सापडते. तो ती छातीशी धरतो, नऊ दिवसांचं लेकरू धरावं तशी, एक क्षण, आणि मग खिडकीतून टाकतो. या वेळी आतून बाहेर, तो टाकतो, आणि झेलायचं आहे ते बाहेरच्या तीनशे माणसांनी…

त्यांच्या अंगावर काटा आला.

तोच काटा. लगेच ओळखू आला. हे फार छान लिहिता येईल, असं त्यांच्या मनानं म्हटलंसुद्धा, शेवटचं वाक्यही जुळवून दिलं. आणि त्या धुरात कचरूनं वळून पाहिलं असतं तर त्याला काय दिसलं असतं, की दारात कुणीतरी उभं आहे, हात वर करून, पंजा उघडा – थांब, एक मिनिट. धूर, वही, खिडकी, सगळं जागच्या जागी थांबलेलं. मी डोळे उघडले तर तो आणखी एकदा मरेल आणि मिटलेले ठेवले तर मी लिहीतच राहीन, एवढंच आता कळत होतं. फोन तिसऱ्यांदा वाजत होता. हात अजून वरच होता की मांडीवर, हे पाहायचं धैर्य त्यांना होत नव्हतं.